गिरणीतून येरळेच्या पात्रात

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात परवा एका जुन्या कार्यकर्त्याचा पंचाहत्तरीचा सत्कार झाला. निम्मे वक्ते मुंबईच्या गिरणी संपावर बोलले, निम्मे दुष्काळी भागाला कृष्णेचं पाणी देणाऱ्या टेंभू योजनेवर. माझ्या शेजारच्या पोरानं विचारलं, "काका, मुंबईचा संप आणि आपलं पाणी, यांचा काय संबंध?" त्याचा प्रश्न रास्त होता. त्याच्यासारख्यांसाठी हे लिहितो आहे.

इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेलं प्रतिसरकार, त्याचं केंद्र असलेलं कुंडल, बेचाळीसचे मोर्चे हे या भागात नव्यानं सांगायला नको. त्या लढ्यातली माणसं पुढं गावोगावच्या पारावर बसत आणि त्यांचं बोलणं ऐकत वाढलेली पोरं गिरणीत गेली, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

खानापूर, आटपाडी, खटाव, माण हा सगळा कमी पावसाचा पट्टा. घरटी एक माणूस मुंबईत असायचाच. राहायचं गावाच्या गाळ्यात, म्हणजे गावच्या माणसांच्या सामायिक खोलीत, जेवायचं खानावळीत. दिवसपाळीचा उठला की त्याच वळकटीवर रातपाळीचा आडवा व्हायचा. माझे वडील बदली कामगार होते. रोज सकाळी पास घेऊन गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर काम, नाहीतर परत गाळ्यावर. अशी वर्षानुवर्षं काढलेली माणसं गिरणी कामगार म्हणवून घेत, पण कायम नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला सुमारे २.५ लाख कामगार संपावर गेले. मागण्या पगारवाढ, बोनस आणि बदलीवाल्यांना कायम करा अशा होत्याच, पण १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानं एकाच युनियनला दिलेली मान्यता हे खरं दुखणं होतं; कामगारांच्या वतीनं मालकांशी बोलायचा हक्क तिलाच. हा संप रीतसर कधीच मागं घेतला गेला नाही. "सुगीपुरतं गावाकडं जाऊन येतो" म्हणत माणसं ट्रंका घेऊन एसटीनं उतरली आणि बहुतेकांचं परत जाणं झालंच नाही. वडिलांची ट्रंक पुढं आमच्याकडं बियाणं ठेवायला वापरली. झाकणाच्या आतल्या बाजूला पास डकवलेला होता, तो त्यांनी कुणाला काढू दिला नाही.

गावात दुष्काळ होता आणि काम म्हणजे रोजगार हमी. या योजनेचा पहिला प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापुरात झालेला. कायदा १९७७ चा. गिरणीतून आलेल्या माणसांना हिशोब विचारायची सवय होती. मोजमाप कुणी घेतलं, पगार का थकला, हजेरीपत्रक दाखवा. मुकादमाला हे नवीन होतं. सत्कारमूर्ती त्यातलेच एक. मोर्चे निघाले, तहसीलवर ठिय्या बसला. थोड्याच दिवसांत प्रश्न बदलला: खडी फोडून दुष्काळ कसा हटणार? आम्हाला पाणी अडवायचं काम द्या. माझ्या मते त्या पिढीनं विचारलेला सगळ्यांत मोठा प्रश्न हाच.

त्यातूनच वाळूचा वाद उभा राहिला.

खटावच्या डोंगरात उगम पावून ब्रह्मनाळला कृष्णेला मिळणारी येरळा वरून कोरडी दिसते, पण तिचं पाणी वाळूत मुरलेलं असतं. दोन्ही काठच्या विहिरी त्याच्यावर चालतात. वाळूचे लिलाव झाले, ठेकेदारांचे ट्रक पात्रात उतरले, तशी विहिरींची पाणीपातळी खाली गेली. लोक ट्रकपुढं आडवे झाले. दुसरीकडं बलवडीजवळ लोकांनी स्वतःचं धरण बांधायचं ठरवलं. पैसा कुठून आणायचा? तर पात्रातली थोडी वाळू गावानं स्वतः विकून.

यावर आमच्या घरात दोन वर्षं भांडणं झाली. चुलते म्हणायचे, "ज्या वाळूसाठी लाठ्या खायची तयारी केली, तीच विकायची? उद्या ठेकेदार म्हणंल, तुम्ही विकली तर चालतं होय?" वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. ठेकेदार ब्रासावर ब्रास उपसतो आणि पैसा घेऊन जातो. गाव मोजून काढणार, पैसा त्याच नदीत घालणार, वाळूवर हक्क कुणाचा हेही त्यातून ठरणार. दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक होती आणि चुलत्यांची भीती पोकळ नव्हती, हे नंतर नद्यांची जी दशा झाली त्यावरून दिसतंच. तरी माझा कौल वडिलांच्या बाजूनं आहे. वाळू बेतानं विकली गेली, बाहेरच्या हितचिंतकांनी हातभार लावला, लोकांनी श्रमदान केलं आणि बळीराजा स्मृती धरण ८० च्या दशकाच्या अखेरीस उभं राहिलं. वाळू कितीही जपली असती तरी नुसत्या विरोधातून ते उभं राहिलं नसतं.

त्याच धरणावर पाणी जमिनीला नाही, माणसाला द्यायचं ठरलं. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यालाही वाटा, बाईलाही वाटा, उसाला आवर. समन्यायी पाणीवाटप हा जड शब्द पुढं पुस्तकांत आणि ठरावांत आला, पण त्याचा अर्थ गिरणीवाल्यांना आधीच कळलेला होता. गेटवर उभ्या असलेल्या बदलीला कायमवाल्याइतकंच पोट असतं, तसंच हे.

नंतरच्या गोष्टी बहुतेकांना माहीत आहेत. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. लवादानं महाराष्ट्राला दिलेलं कृष्णेचं पाणी २००० सालाच्या आत अडवलं पाहिजे, कारण त्यानंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता, ही घाई सगळ्यांनाच होती. १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ झालं आणि कराडजवळच्या टेंभूतून पाणी उचलायच्या योजनेला वेग आला. मग वर्षानुवर्षं निधीची वाट, थकलेली वीजबिलं, बंद पडलेले पंप. ८१ टक्के वीजबिल सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचं, हा तोडगाही आंदोलनांशिवाय निघाला नाही. आटपाडीत उघड्या पाटाऐवजी बंद पाइपनं पाणी द्यायचा आग्रह लोकांनीच धरला.

सत्काराला उत्तर देताना सत्कारमूर्तींनी शालीखालून एक कागद काढला. पाणी मागणीचा नमुना नंबर ७. "यात जमिनीचा गट नंबर विचारलाय," ते म्हणाले, "माझ्या शेजारच्या विधवा बाईला गट नंबर नाही. तिनं काय लिहायचं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही." मग खाली बसून त्यांनी तो कागद परत घडी घालून खिशात ठेवला.