पालक-उद्बोधन (प्राथमिक अभ्यासक्रम व मूल्यमापन)

प्राथमिक शाळेत काय शिकवायचे, ते कसे शिकवायचे आणि मुलाला कितपत आले हे कसे ठरवायचे, यांत होणारे बदल पालकांना समजावून सांगण्याच्या शालेय कामाला पालक-उद्बोधन म्हणतात. महाराष्ट्रात हे काम पालकसभा, माता-पालक गट, शाळा व्यवस्थापन समिती, प्रगतिपत्रक आणि शिक्षकांच्या गृहभेटी यांमधून चालते. ते शाळेच्या मर्जीवर सोडलेले नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या कलम 24 नुसार पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व झालेली प्रगती यांची माहिती देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम 21 नुसार अनुदानित व शासकीय शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात.

या कामाची निकड सर्वांत ठळकपणे जाणवली ती हाच अधिनियम 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाल्यावर. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचे नाही आणि त्याच्या शिकण्याचे मूल्यमापन वर्षभर सतत व सर्व अंगांनी करायचे, अशा दोन तरतुदी त्यात जोडीने होत्या. गावोगावी आणि वाड्यावस्त्यांवर पोहोचली ती मात्र पहिलीच. ‘आता परीक्षा नाहीत, सगळे ढकलपास’ हे वाक्य पारावर आणि एसटीत ऐकू येऊ लागले, अभ्यासाला बसवण्याचे कारणच उरले नाही असे कित्येक घरांत वाटू लागले, आणि वर्गात रोज होणारी तपासणी पालकांच्या दृष्टीला पडलीच नाही. हा दोष पालकांच्या समजुतीचा नव्हता. त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली गेली होती.

दुसरी अर्धी गोष्ट 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने राज्यात आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची होती. यात मूल्यमापनाचे आकारिक आणि संकलित असे दोन भाग आहेत. शिकता शिकता केलेली पाहणी म्हणजे आकारिक मूल्यमापन. त्यासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय अशी साधने शिक्षक वापरतात. सत्राच्या अखेरीस घेतलेली परीक्षा म्हणजे संकलित मूल्यमापन. पहिली-दुसरीला आकारिकला 70 व संकलितला 30, तिसरी-चौथीला 60 व 40, तर पाचवी-सहावीला 50 व 50 असा भारांश ठरवण्यात आला. मूल जितके लहान, तितका एका दिवसाच्या पेपरावरचा भर कमी, हे त्यामागचे तत्त्व आहे.

पालकाच्या हाती पडते ते प्रगतिपत्रक, आणि ते वाचता येणे हाच उद्बोधनाचा गाभा आहे. उदाहरणार्थ, तिसरीतील एखाद्या मुलीला भाषेत आकारिकमध्ये 60 पैकी 51 आणि संकलितमध्ये 40 पैकी 22 गुण मिळाले, तर तिची बेरीज 73 होते. 71 ते 80 या टप्प्याला ब-1 श्रेणी असल्यामुळे प्रगतिपत्रकावर तेवढेच अक्षर उमटते. वडील विचारतात, ‘पास की नापास?’ आणि ‘वर्गात कितवी?’ या दोन्ही प्रश्नांना त्या कागदावर उत्तर नाही. खरे सांगण्याजोगे असते ते निराळेच : मुलगी बोलते छान, गोष्ट सांगते, गटात पुढाकार घेते, परंतु मनातले कागदावर उतरवताना अडते. हे शिक्षकाने वर्णनात्मक नोंदीत लिहायचे असते. ‘प्रगती समाधानकारक’, ‘नियमित अभ्यास करावा’ अशी ठोकळेबाज वाक्ये वर्गातील चाळीसही मुलांच्या पत्रकांवर उतरवली, तर पालकाला श्रेणीचे अक्षर तेवढे उरते आणि सारी पद्धत त्याच्या लेखी गुण लपवण्याची युक्ती ठरते.

अभ्यासक्रमातील बदल घरच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीला हात घालतो तेव्हा काय होते, हे 2019 च्या जूनमध्ये दिसले. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’, ‘त्रेपन्न’सोबत ‘पन्नास तीन’ असे संख्यावाचन आले आणि राज्यभर वाद पेटला. तो विधिमंडळातही पोहोचला. बदलामागचे कारण विचार करण्याजोगे होते. मराठीत आपण ‘पंचाहत्तर’ म्हणताना एकक आधी उच्चारतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. त्यामुळे सात वर्षांचे मूल 75 च्या जागी 57 लिहून बसते, शिवाय जोडाक्षरांचा बोजा वेगळाच. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी हे कारण मांडले आणि जुनी नावे पुस्तकातून काढलेली नाहीत हेही सांगितले. पण ते वाद पेटल्यानंतर. आजीकडून पाढे शिकलेल्या, बाजारात ‘पंचेचाळीस रुपये’ मोजणाऱ्या घराला ती नवी नावे एकाएकी पुस्तकात भेटली, आणि भाषा मोडली जात असल्याची वेदना त्या घराला झाली. हीच दोन वाक्ये शाळा उघडण्याआधीच्या पालकसभेत, फळ्यावर 75 आणि 57 लिहून दाखवली असती, तर मतभेद कदाचित राहिले असते, पण अविश्वास इतका वाढला नसता.

काही बदल अल्पावधीत मागे घेतले गेल्याने समजावून सांगणाऱ्या शिक्षकाची पंचाईत होते. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून 2023-24 पासून पाठ्यपुस्तकातच वहीची पाने जोडण्यात आली. मुले वह्याही आणतच राहिली आणि जानेवारी 2025 मध्ये ही योजना रद्द झाली. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा 16 एप्रिल 2025 चा निर्णय जूनमध्ये सुधारला गेला आणि 29 जून रोजी मागे घेण्याचे जाहीर झाले. शाळा ज्या महिन्यात सुरू होते त्याच महिन्यात पालक विचारत होते आणि शिक्षकाजवळ ठाम उत्तर नव्हते.

सध्या सर्वाधिक गोंधळ पाचवीविषयी आहे. केंद्राने 2019 मध्ये अधिनियमात दुरुस्ती करून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षेची तरतूद केली आणि अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे ठरवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम बदलले आणि 2023-24 पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आली. अनुत्तीर्ण मुलाला अतिरिक्त मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते. त्यातही तो अनुत्तीर्ण झाला तर त्याच वर्गात राहतो. मात्र आठवीपर्यंतचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही, आणि हे पालकांना आवर्जून सांगितले पाहिजे, कारण नापास झालेल्या मुलीचे शिक्षण तिथेच थांबवण्याचा विचार आजही काही घरांत होतो. याच सुमारास तिसरीपासून वरच्या वर्गांना भाषा, गणित व इंग्रजी या विषयांच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्याही सुरू झाल्या. त्यांतील वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीचा हेतू मूल कुठे अडते ते शोधणे हा असतो. ती वार्षिक परीक्षेहून वेगळी आहे हे न कळल्याने जुलै महिन्यातच शिकवणी लावणारे पालक आढळतात.

समजावण्याची सर्वांत परिणामकारक रीत दाखवण्याची आहे. 2022 मध्ये राज्यात सुरू झालेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी मेळाव्यात पहिलीत येणारे मूल आईसोबत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. कुठे दोरीवरून चालते, कुठे मणी ओवते, कुठे चित्र पाहून गोष्ट सांगते, कुठे वस्तू मोजते, आणि त्याच्या विकासपत्रात नोंद होते. मूल्यमापन म्हणजे काय हे त्या आईला भाषणाविना कळते. पालकसभेतही सूचना वाचून दाखवण्यापेक्षा मुलाची जूनमधली आणि ऑक्टोबरमधली वही शेजारी शेजारी ठेवली, तर आईवडील थांबतात, पाने उलटतात आणि मग स्वतःहून बोलू लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मधील समग्र प्रगतिपत्रक याच दिशेने जाते; त्यात शिक्षकाबरोबर मूल स्वतः, त्याचे सोबती आणि पालक यांच्याही नोंदींना जागा आहे.

वेळ निवडणे हा या कामातला अवघड भाग आहे. सकाळी अकराला बोलावलेली सभा रोजंदारीवर जाणाऱ्या आईची मजुरी बुडवते. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे दुसऱ्या सत्राचा बहुतेक काळ ती साखर कारखान्याच्या परिसरातील कोपींवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, असतात. मूल गावातील हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहिले, तर पाचवीच्या वार्षिक परीक्षेची आणि पुनर्परीक्षेची माहिती त्या आजी-आजोबांना द्यावी लागते. मूल सोबत गेले, तर स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळा देते त्या शिक्षण हमी कार्डावरील त्याच्या पातळीची नोंद आईवडिलांना गाडी सुटण्यापूर्वी वाचून दाखवावी लागते, कारण पुढच्या शाळेतील शिक्षकापुढे तो कागद त्यांनाच ठेवायचा असतो.