पोर्टर आणि स्टाउट: दोन्ही काळ्या, मग फरक कुठे?

थंडी सुरू झाली की पुण्या-मुंबईहून घरी येणारी पोरं हल्ली क्राफ्ट बिअरचे कॅन सोबत आणतात, आणि त्यात एखादा तरी काळ्या बिअरचा असतो. एकावर पोर्टर लिहिलेलं, दुसऱ्यावर स्टाउट. ग्लासात ओतल्या की दोन्हींचा रंग काळा, दोन्हींवर बदामी फेस, दोन्हींना भाजल्याचा वास. मळ्यात भरीत पार्टी चालू असते आणि कुणीतरी विचारतंच, "दोन्ही कायाच शेतस ना भो, मंग दोन नावं कसाले?"

प्रश्न रास्त आहे. मुळात या दोन बिअर नव्हत्याच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये तपकिरी माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, एक बिअर लोकप्रिय झाली. गोदीत आणि बाजारात ओझी वाहणारे हमाल, म्हणजे पोर्टर, ती आवडीने प्यायचे, म्हणून तिला त्यांचंच नाव पडलं. ती मोठमोठ्या लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरवली जायची. पिंपं केवढी असत, हे एका दुर्घटनेवरून कळतं: 17 ऑक्टोबर 1814 रोजी लंडनच्या एका ब्रुअरीतलं, म्हणजे बिअरच्या कारखान्यातलं, 22 फूट उंचीचं पोर्टरचं पिंप फुटलं, तो लोंढा शेजारच्या गरीब वस्तीत शिरला आणि आठ जणांचा जीव गेला.

याच पोर्टरचा जो प्रकार जास्त कडक असायचा, त्याला स्टाउट पोर्टर म्हणत. पुढे मागचा शब्द गळला आणि नुसतं स्टाउट उरलं. म्हणजे स्टाउट ही पोर्टरच्याच घरातली. आज लेबलांवर दोघी वेगवेगळ्या दिसतात, तरी हे नातं विसरून फरक शोधायला गेलं की गोंधळ वाढतो.

दोघींच्या वाटा वेगळ्या व्हायला कारण ठरला तो हिशेब. द्रवातली साखर मोजणारं हायड्रोमीटर हे उपकरण ब्रुअरीत आलं, तेव्हा मालकांच्या लक्षात आलं की स्वस्त वाटणाऱ्या तपकिरी माल्टमधून साखर कमी निघते. महागडं फिकं माल्टच शेवटी परवडतं. पण फिक्या माल्टची बिअर फिकीच होणार, आणि गिऱ्हाइकाला तर काळी हवी. 1817 मध्ये डॅनियल व्हीलर याने माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं आणि हा पेच सुटला. आता माल्ट जळून कोळसा न होता काळंभोर भाजता येऊ लागलं, आणि त्याची थोडीशी भर टाकली तरी सगळी बिअर काळी होऊ लागली. आयर्लंडमधल्या ब्रुअरींनी फिकं आणि काळं माल्ट एवढ्यावरच भागवायला सुरुवात केली. लंडनवाल्यांनी मात्र तपकिरी माल्ट बराच काळ सोडलं नाही. डब्लिनच्या गिनीज या ब्रुअरीने तर 1799 मध्येच एल नावाची आपली दुसरी बिअर बंद करून सगळं लक्ष पोर्टरवर लावलं होतं. आज आपण गिनीज म्हटलं की स्टाउट समजतो, पण त्या घराण्याची वाढ पोर्टरवर झालेली आहे.

आता आजच्या ग्लासाकडे येऊ. बिअरसाठी जव भिजवतात, त्याला मोड आणतात आणि मग वाळवतात. हे झालं माल्ट. पोर्टरचा काळेपणा बहुतेक वेळा या मोड आणलेल्या आणि नंतर कमीअधिक भाजलेल्या जवातून येतो. त्यातल्या एका प्रकाराला चॉकलेट माल्ट म्हणतात. त्यात चॉकलेटचा कणही नसतो, रंग आणि वास तेवढा तसा. स्टाउटमध्ये, विशेषतः आयरिश धाटणीच्या, मोड न आणलेले जव थेट कडक भाजून घालतात. काळ्या मसाल्यासाठी सुकं खोबरं भाजताना ते लालसर तपकिरी झालं की गोडसर, तेलकट वास सुटतो आणि आणखी थोडं धरलं की काळं पडून कडवट, कोरडी चव येते. पोर्टर आणि स्टाउट यांच्यात साधारण तेवढंच अंतर आहे.

म्हणून पोर्टरमध्ये कोको, काकवी, खरपूस भाजलेल्या पावाची कड असं काही सापडतं आणि शेवट मऊ होतो. स्टाउटमध्ये दूध-साखर नसलेल्या कॉफीचा कडूपणा पुढे येतो, जिभेच्या कडांना किंचित आंबटपणा लागतो आणि घोट गिळल्यावर तोंड कोरडं पडतं. ही झाली सर्वसाधारण गोष्ट. काळं माल्ट सढळ हाताने घालून कॉफीसारखी कडू केलेली पोर्टरही मिळते. उलट दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, घालून गोड केलेली मिल्क स्टाउटही मिळते, कारण ती साखर बिअर आंबवणाऱ्या यीस्टला पचत नाही आणि तशीच मागे उरते. शेवटी नाव ठरवतो तो बिअर बनवणारा. मला विचाराल तर लेबलापेक्षा नाकावर भरवसा ठेवावा.

आणि एक मोठा गैरसमज इथेच मोडायला हवा: काळी म्हणजे कडक. रंग येतो तो एकूण धान्यातल्या थोड्याशा भाजलेल्या भागातून. नशा येते ती यीस्टने खाल्लेल्या साखरेतून. दोघांचा संबंध नाही. ड्राफ्ट गिनीजमध्ये अल्कोहोल जेमतेम सव्वाचार टक्के असतं, तर आपल्याकडे दुकानात 'स्ट्राँग' म्हणून मिळणारी पिवळी लागर, म्हणजे आपली नेहमीची फिकी बिअर, सात-आठ टक्क्यांपर्यंत जाते. आणि सातपुड्यात निघणारी मोहाची दारू? तिला तर रंगच नसतो, तरी ती या सगळ्यांना मागे टाकते.

हिवाळ्यासाठी म्हणून जी दाट, गडद बिअर काढतात, ती बहुधा इम्पीरियल स्टाउट असते. अठराव्या शतकात लंडनच्या साउथवर्क भागातल्या थ्रेल यांच्या ब्रुअरीतून अशी कडक काळी बिअर रशियात, सम्राज्ञी कॅथरीन दुसरीच्या दरबारी जात असे. नावातला इम्पीरियल, म्हणजे शाही, तिथून आला. हिच्यासाठी धान्य भरपूर वापरतात, त्यामुळे अल्कोहोल साधारण आठ ते बारा टक्के असतं. दहा टक्क्यांच्या एका कॅनमध्ये पाच टक्क्यांच्या तेवढ्याच दोन कॅनइतकी दारू असते. मळ्यातून रात्री मोटारसायकलने परत जाणाऱ्याने हिला हात लावू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

पोर्टरच्या बाजूने हिला जोड आहे बाल्टिक पोर्टरची. ती बहुधा लागरच्या यीस्टने, थंड वातावरणात आंबवतात, म्हणून अंगात जोर असूनही घशाखाली विलक्षण गुळगुळीत उतरते. करपट कडूपणा फारसा नाही. मनुका, खजूर, काकवी जास्त. साध्या स्टाउटपेक्षा ती दुपटीने कडक असू शकते. म्हणजे 'कडक ती स्टाउट' हा जुना नियमही आता उरलेला नाही.

दोन्ही शेजारी ठेवून चाखायच्या असतील तर पोर्टर आधी घ्या. स्टाउट आधी घेतली तर तिच्या कडूपणापुढे पोर्टर पांचट वाटते. फ्रिजमधून काढल्या काढल्या तर अजिबात नको, कारण गार जिभेला फक्त कडू कळतं. इम्पीरियल स्टाउट दहा ते तेरा अंशांवर खुलते, आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला रात्रीचा पारा कित्येकदा त्याच्याही खाली जातो. तेव्हा कॅन थोडा वेळ नुसता बाहेर ठेवला तरी पुरतं. छोट्या ग्लासात अर्ध्यापर्यंत ओता आणि मोबाइलचा टॉर्च मागून धरा. पोर्टरची कड लालसर तपकिरी उजळते. इम्पीरियल स्टाउटमधून उजेड सहसा येतच नाही. फेसावरून मात्र निवाडा करू नका. काही स्टाउटवर सायीसारखा दाट फेस असतो तो नायट्रोजनमुळे, आणि ती युक्ती गिनीजने 1959 मध्ये आणली. उलट इम्पीरियलचा फेस अल्कोहोल जास्त असल्याने लवकर बसतो.

मग वास घ्या आणि छोटा घोट तोंडात क्षणभर धरा. पहिल्या घोटात इम्पीरियल नुसती दणका देते. तिसऱ्या-चौथ्या घोटाला, ग्लास हातात कोमट होऊ लागला की कॉफीच्या मागून काळा मनुका येतो, मग गुळाच्या कढईतला वास, आणि गिळल्यावर छातीत हळूच ऊब उतरते. मला हीच जागा सगळ्यात आवडते, आणि घाईत पिणाऱ्याला ती भेटत नाही.

काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी यांच्याबरोबर पोर्टरच लावा. वांग्याचा धुरकट वास आणि भाजलेलं माल्ट एकमेकांना ओळखतात. इम्पीरियल तिथे नको. जास्त अल्कोहोलमुळे हिरव्या मिरचीचा जाळ आणखी भडकतो. ती जेवण उरकल्यावर शेंगदाण्याच्या चिक्कीबरोबर चौघांत एक कॅन वाटून घ्यावी.

इम्पीरियल स्टाउट वर्ष-दोन वर्षं ठेवली तर मुरते असं म्हणतात, आणि ते खरंही आहे, पण अंधाऱ्या आणि थंड जागी. आपल्याकडे एप्रिलपासून घराच्या भिंती रात्रीही तापलेल्या असतात. कपाटात ठेवलेल्या बिअरला तिथे ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव येते. मुरवायची असेल तर फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात उभी ठेवा, आणि पोर्टर असेल तर ठेवूच नका, याच हिवाळ्यात संपवा.