गाडी आपली, बोट परक्याचं

‘प्रॉक्सी’ म्हटलं की आपल्याकडे कॉलेजची हजेरी आठवते. शेवटच्या बाकावरून, मित्राच्या नावाला, आवाज बदलून दिलेलं ‘येस सर’. स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून विजेवर पळणारी छोटी मोटार. तिच्या प्रॉक्सी शर्यतीत तेच चालतं, फक्त उघडपणे. गाडी बांधायची, खोक्यात घालायची, टपालाने पाठवायची. शर्यत सुरू असते तेव्हा आपण सांगलीत जेवून झोपलेलो असतो आणि तिकडे कुणी अनोळखी माणूस आपली गाडी पळवत असतो.

विश्रामबागेतल्या आमच्या चौघांच्या टोळक्याने पहिलं खोकं बांधलं तेव्हा घरच्यांपासून टपाल खिडकीपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न होता: मग त्यात तुमचं काय? त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून ही पार्श्वभूमी.

आधी गाडी समजून घेऊ. ट्रॅकला प्रत्येक गाडीसाठी एक खाच असते. गाडीच्या नाकाखाली प्लॅस्टिकची जीभ असते, ती या खाचेत बसते. जिभेच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या तारांची चपटी वेणी. ती खाचेलगतच्या पट्ट्यांवर घासत जाते आणि तिथून साधारण १२ व्होल्टचा डीसी प्रवाह मोटरला मिळतो. हातातल्या कंट्रोलरचा चाप जितका ओढाल तितका वेग. स्टिअरिंग नाहीच. वळणावर जास्त वेगात शिरलात तर शेपूट फिरते, जीभ खाचेतून निसटते आणि गाडी भिंतीवर. ‘चाकोरी’ हा शब्द आपण कंटाळ्यासाठी वापरतो, पण मूळचा तो बैलगाडीच्या चाकांनी पडलेला चर. स्लॉट कार ही त्या मूळ अर्थाने चाकोरीतली गाडी. त्यात कंटाळा कुठून येणार!

अमेरिकेच्या लायोनेल या खेळण्यातल्या आगगाड्या करणाऱ्या कंपनीने १९१२ मध्येच विजेवर पळणाऱ्या मोटारींचा संच विकायला काढला होता. तो तीनेक वर्षांतच बंद पडला. पुढचा धागा सापडतो तो थेट १९५० च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये. तिथले हौशी लोक घरी गुंडाळलेल्या मोटरी बसवून उंच रुळावरून गाड्या पळवत होते. त्याच सुमारास फ्रेड फ्रान्सिस यांची मिनीमॉडेल्स ही कंपनी ‘स्केलेक्स’ नावाच्या पत्र्याच्या, चावीवर चालणाऱ्या मोटारी विकत होती. चावीच्या गाड्यांचा खप ओसरायला लागला तेव्हा फ्रान्सिस यांनी त्यात मोटर घातली, ट्रॅकला खाच पाडली आणि वेग खेळणाऱ्याच्या हातात दिला. स्केलेक्स अधिक इलेक्ट्रिक, म्हणून ‘स्केलेक्स्ट्रिक’. १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात ते लोकांसमोर आलं आणि मागणी एवढी उसळली की पुढच्याच वर्षी फ्रान्सिस यांनी कंपनी ट्राय-अँगवाल्या लाइन्स ब्रदर्सना विकून टाकली.

१९६० च्या दशकात अमेरिकेत याचं वेड लागलं. आपल्याकडे तासावर सायकल भाड्याने मिळायची तसा तिथे तासावर ट्रॅक मिळायचा. पोरं आपापली गाडी डब्यात घालून आणायची. ही गाडी बहुधा १:२४ प्रमाणाची, म्हणजे खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्शाची. सांगाडा पितळेच्या पट्ट्यांचा आणि पियानोच्या तारेचा, तोही घरी डाग देऊन जोडलेला. हा काळ महत्त्वाचा, कारण तेव्हा बांधणारा आणि पळवणारा एकच होता. गाडी हळू असेल तर रात्री घरी जाऊन डाग सोडवायचा, तार बदलायची, शनिवारी परत यायचं. दशक संपता संपता हे वेड उतरलं, ट्रॅकची दुकानं भराभर मिटली आणि खेळ परत घराच्या तळघरात गेला.

मग आलं चुंबक. ऑरोरा कंपनीने १९७४ मध्ये एचओ नावाच्या छोट्या मापाच्या गाड्यांत ‘मॅग्ना-ट्रॅक्शन’ आणलं. मोटरचं चुंबकच ट्रॅकच्या लोखंडी पट्ट्यांना ओढून धरतं आणि गाडी वळणावर चिकटून राहते. पुढे मोठ्या १:३२ गाड्यांतही पोटाखाली चुंबक आलं. लहान मुलांना बरं झालं, गाडी सारखी उडत नाही. पण बांधणाऱ्याचं काम संपलं. सांगाडा वाकडा असो, टायर गोल नसो, चुंबक सगळं झाकतं. माझ्या मते या खेळात चुंबकाइतकं नुकसान कुणीच केलं नाही. अर्थात आमच्यातला एक जण याच्या अगदी उलट बोलतो. त्याची मुलगी आठ वर्षांची आहे.

चुंबक काढून खेळणारे उरले ते विखुरलेले. एका गावात दोघे, दुसऱ्यात तिघे, कुणाच्या तळघरात लाकडी ट्रॅक, कुणाकडे प्लॅस्टिकचा. १९९० नंतर स्पेनच्या निन्को, इटलीच्या स्लॉट डॉट इट, एनएसआर अशा कंपन्यांनी सुटे भाग बनवायला सुरुवात केली: गिअर, आस, बुश, जीभ, मोटरची बैठक. बांधण्याची हौस परत आली, पण भिडायला माणसं जवळ नव्हती. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत पुढच्या शर्यतीला जायचं तर विमानाचं तिकीट. गाडीचं वजन मात्र शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. शिवाय तिच्यात बॅटरी नसते, वीज ट्रॅकमधूनच मिळते. रिमोटच्या गाडीतल्या लिथियम बॅटरीला विमान टपालात जी कटकट होते ती इथे नाही. माणूस पाठवण्यापेक्षा गाडी पाठवणं स्वस्त, हे ज्याला सुचलं असेल त्याला सुचलं असेल, पण परिस्थितीनेच ते सुचवलं होतं. या शतकाच्या सुरुवातीपासून अशा मालिका रुळल्या.

पद्धत साधारण अशी. ठरलेल्या तारखेपर्यंत सगळ्या गाड्या पहिल्या यजमानाकडे पोचतात. तो वजन करतो, रुंदी मोजतो, मोटर नियमातली आहे का बघतो, चुंबक नाही याची खात्री करतो. रंगकामाचे, हुबेहूबपणाचे गुण बऱ्याच ठिकाणी वेगळे असतात. मग तिथलेच चालक प्रत्येक गाडी प्रत्येक खाचेवर ठरावीक वेळ पळवतात आणि फेऱ्यांची बेरीज होते. झालं की सगळ्या गाड्या एका मोठ्या खोक्यात पुढच्या यजमानाकडे. असं महिनोन्महिने चालतं. यजमानाने टायर पुसायचे, तेल द्यायचं, तुटलं असेल तर जोडायचं. सुधारणा करायची नाही.

म्हणजे बांधणाऱ्याला एकदाच संधी. कुठला ट्रॅक, लाकडी की प्लॅस्टिकचा, चालक बिचकणारा की दामटणारा, हे सगळं न बघता. लाकडी ट्रॅकची खाच सहसा खोल असते, म्हणून तिथे लांब जीभ चांगली. तीच जीभ प्लॅस्टिक ट्रॅकच्या तळाला घासते. सिलिकॉनचे टायर स्वच्छ प्लॅस्टिकवर चिकटतात, धूळ असली की साबणावर चालल्यासारखे घसरतात. सगळ्यात वेगवान गाडी पाठवणारा इथे सहसा जिंकत नाही. जी गाडी चुकलेल्या बोटाला माफ करते, ती वर येते.

इथे माझ्यापेक्षा आमच्यातल्या एका मित्राला आधी कळलं. त्याच्या घरी शर्यतीचे बैल. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. त्यांना परत परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. मधल्या वर्षांत हात रिकामे होते, तेव्हा तो या गाड्यांकडे वळला. त्याला ‘त्यात तुमचं काय’ हा प्रश्न पडलाच नाही. ‘आमच्यात मालक कुठं छकडीवर बसतो?’ तो म्हणाला. ‘बैलाला खुराक मालकाचा, सराव मालकाचा, मैदानात कासरा ड्रायव्हरच्या हातात. बैल असा तयार करायचा की कुणीबी बसला तरी तासात पळला पाहिजे.’ तास म्हणजे नांगराची रेघ, आणि शर्यतीत प्रत्येक जोडीची धावपट्टी. आम्ही खाचेला तेव्हापासून तासच म्हणतो.

दुसरं उदाहरण दहा किलोमीटरवर, मिरजेत. तिथल्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांचे हात वाद्यांकडे वळले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुरा करणारा मैफलीत बसत नाही. घोडीवर जवारी काढतो, म्हणजे तार घुमेल अशी घोडी घासतो, गायकाच्या स्वराला लावतो, गवसणीत घालून पाठवतो. पुढे तिकडची हवा आणि तिकडची बोटं.

आमची गाडी १:३२ ची. सांगाडा पितळेच्या पत्र्याचा. तो कापून घ्यायला कुपवाडच्या एका वायरकटवाल्याकडे, म्हणजे विजेच्या तारेने धातू कापणाऱ्याकडे, गेलो. नकाशा बघून त्याने विचारलं, ‘किती नग?’ एक म्हटल्यावर त्याने नकाशा परत दिला. मग चहा झाला, गाडीचा फोटो दाखवला, आणि एका मोठ्या कामाच्या शेवटी उरलेल्या कोपऱ्यात आमचा नग त्याने बसवून दिला. पैसे घेतले नाहीत, व्हिडिओ मात्र मागितला.

मोटरवर ९ दातांचा गिअर, मागच्या आसावर २७ दातांचा, म्हणजे मोटरच्या तीन फेऱ्यांना चाकाची एक. टायर आसावर चढवून, मोटर हळू फिरवत, सपाट काचेला चिकटवलेल्या पॉलिशपेपरवर टेकवून गोल केले. हे काम कंटाळवाणं आहे आणि निम्मी शर्यत इथेच ठरते. वजनासाठी गळाला लावतात ती शिशाची गोळी हातोडीने चपटी करून पोटात चिकटवली. बॉडीचे स्क्रू पूर्ण आवळले नाहीत, अर्धा फेरा सैल ठेवले. बॉडी किंचित हलली तर वळणावरचा झटका सांगाड्यापर्यंत पोचत नाही. या एका अर्ध्या फेऱ्यावर आमच्यात दोन संध्याकाळी वाद झाला.

टपालात मात्र खोक्याबरोबर सीएन २२ हा फॉर्म भरावा लागतो: आत काय, वजन किती, किंमत किती. ‘आत काय’ला आम्ही ‘मॉडेल कार’ लिहिलं. किंमतीपाशी अडलो. खरा खर्च लिहावा तर परत येताना कस्टमवाला आयात धरून शुल्क लावेल. खेळणी म्हणून धरलं तर ते जबर आहे, २०२० मध्ये खेळण्यांचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर नेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. कमी लिहावं तर खोकं हरवल्यावर हातात काही नाही. शेवटी बैलवाला मित्र म्हणाला, ‘खरंच लिहा, बैल पण खरीच किंमत सांगून नेतो मी.’ त्यावर आम्ही सगळे हसलो, कारण ते खरं नव्हतं. पण लिहिलं खरंच.

पहिल्या ट्रॅकवर गाडी मधल्या क्रमांकांत आली. यजमानाने निकालासोबत दोन ओळी पाठवल्या: सरळ पट्ट्यावर छान, पण बाहेरच्या खाचेवरच्या लांब वळणातून बाहेर पडताना नाक उचलतं. आता त्या गाडीला आम्ही हात लावू शकत नाही. ती दुसऱ्या यजमानाकडे निघालीय, तसंच नाक उचलत फिरणार. टेबलावर पुढची गाडी आहे, तिच्यात शिशाची गोळी जिभेच्या मागे सरकवलीय. स्क्रू किती सैल ठेवायचे हे अजून ठरलेलं नाही.