बंद खोलीतली सायकल आणि उष्णतेचा हिशेब

पावसाळ्यात सायकल ट्रेनरवर, म्हणजे ती घरात जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर, चढवणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘ट्रेनरवरचा एक तास म्हणजे रस्त्यावरचे दोन तास.’ यातले गणित खरे नाही. पॅडलवर केलेले काम वॅटमध्ये मोजता येते आणि १५० वॅट हे सिंहगडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर काय किंवा घरातल्या बैठकीच्या खोलीत काय, १५० वॅटच असतात. रस्त्यावर सिग्नलला थांबावे लागते, उतारावर पाय आपोआप विसावतात आणि ट्रेनरवर ही उसंत मिळत नाही, हे मान्य केले तरी दुपटीचा आकडा कुठूनही निघत नाही. मात्र त्या वाक्यामागचा अनुभव अगदी खरा आहे. रविवारी लोणावळ्यापर्यंत जाऊन हसतमुखाने परतणारा माणूस घरात चाळिसाव्या मिनिटाला घड्याळाकडे पाहू लागतो, आणि याचा दोष तो स्वतःच्या चिकाटीला देतो. माझे स्पष्ट मत आहे की हा दोष चुकीच्या ठिकाणी लावला जातो. ट्रेनरवर येणाऱ्या कंटाळ्याचा मोठा वाटा शरीरात साठणाऱ्या उष्णतेचा असतो. त्यामुळे ट्रेनरवर किती वेळ बसावे आणि मन कसे टिकवावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी उष्णतेच्या हिशेबात शोधली पाहिजेत.

अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच ऊर्जा सायकलच्या पॅडलपर्यंत पोहोचते. बाकीची सगळी उष्णता होते. म्हणजे पॅडलवर १५० वॅट देणाऱ्या माणसाच्या शरीरात त्याच वेळी पाचशे वॅटहून अधिक उष्णता निर्माण होत असते. स्वस्थ बसलेल्या माणसात हाच आकडा शंभर वॅटच्या आसपास असतो. मानवी शरीराचे एक किलो वजन एक अंश सेल्सियसने तापवायला सुमारे साडेतीन किलोज्यूल उष्णता लागते. पासष्ट किलोच्या माणसाला एक अंश तापायला त्यामुळे सुमारे २२७ किलोज्यूल पुरतात आणि ५३० वॅटच्या दराने एवढी उष्णता जेमतेम सात मिनिटांत जमा होते. उष्णता बाहेर जाण्याची वाटच नसती, तर अर्ध्या तासात शरीराचे तापमान ३७ वरून ४१ अंशांवर गेले असते. तसे होत नाही, याचे कारण घाम.

घामाचे एक ग्रॅम पाणी त्वचेवरून वाफ होऊन जाताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता बरोबर नेते. शाळेत शिकलेली अप्रकट उष्मा ती हीच. तासाभरात पाचशे वॅटची उष्णता केवळ घामावाटे घालवायची तर पाऊण लिटर घाम निघून पुरत नाही, तो पूर्णपणे वाफ व्हावा लागतो. हनुवटीवर लोंबकळून हँडलच्या बोल्टवर पडणारा थेंब शरीराला जवळजवळ काहीच थंड करत नाही. तो त्या बोल्टला गंज चढवतो, फ्रेमच्या रंगाखाली शिरतो, चटईवर क्षारांचा पांढरा डाग ठेवतो. पण त्याने जी उष्णता न्यायची होती ती अंगातच राहिलेली असते. ट्रेनरखाली साचलेले घामाचे थारोळे पाहून पुष्कळांना समाधान वाटते. प्रत्यक्षात ते शीतनाच्या अपयशाचे मोजमाप आहे.

घाम वाफ होणे दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे त्वचेलगतचा बाष्पदाब (हवेतल्या पाण्याच्या वाफेचा दाब) आणि खोलीतल्या हवेचा बाष्पदाब यांतला फरक. मातीचा माठ मे महिन्यात पाणी गार करतो आणि जुलैत करत नाही, त्यामागे हेच कारण आहे. दुसरी गोष्ट जास्त रंजक आहे आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. त्वचेला चिकटून हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. त्याला सीमास्तर म्हणतात. त्वचेवरून निघालेला प्रत्येक बाष्परेणू आधी या थरातून धक्के खात, दिशाहीन भटकत बाहेर पडतो आणि मगच खोलीतल्या मोकळ्या हवेत मिसळतो. हवा स्थिर असेल तर हा थर जाड असतो आणि काही मिनिटांतच दमट होऊन जातो. हवा वाहू लागली की थर पातळ होतो आणि बाष्पाची वाट आखूड होते. वाऱ्याचा वेग दहापट झाला की थरातून होणारे उष्णतेचे आणि बाष्पाचे वहन साधारण चौपट होते, असे या विषयातले नेहमीचे सूत्र सांगते.

या थराचे अस्तित्व दाखवणारा एक सुंदर प्रयोग अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये झाला. चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचे डॉक्टर सहकाऱ्यांसह पाण्याच्या उत्कलनबिंदूहूनही जास्त तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे थांबून सुखरूप बाहेर आले आणि १७७५ साली त्यांनी त्याचा वृत्तांत रॉयल सोसायटीपुढे ठेवला. त्याच खोलीत ठेवलेला मांसाचा तुकडा मात्र शिजला आणि भात्याने हवा मारल्यावर तर आणखी लवकर शिजला. भात्याने मांसाभोवतीचा थर पातळ केला, त्यामुळे खोलीतली उष्णता आत शिरायला वाव मिळाला. माणसाची त्वचा ओली होती, म्हणून तो वाचला. वारा स्वतः थंड असो वा नसो, तो थर पातळ करतो. पुढे उष्णता कोणत्या दिशेने जाईल, हे त्वचेवर वाफ व्हायला पाणी आहे की नाही आणि हवेत ती वाफ सामावायला जागा आहे की नाही यावर ठरते.

आता हे आकडे मुंबईतल्या जुलैच्या एखाद्या खोलीला लावून पाहू. तापमान ३० अंश, सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के, खिडक्या बंद, पंखा बंद. घामाने निथळणाऱ्या त्वचेचे तापमान ३५ अंश धरले, तर तिच्यालगतचा बाष्पदाब सुमारे ५.६ किलोपास्कल आणि खोलीतला सुमारे ३.६ किलोपास्कल येतो. फरक अवघा दोनचा. पायांच्या हालचालीने जी थोडी हवा हलते तेवढी जमेस धरली, तरी अशा खोलीत बाष्पीभवनाने जास्तीत जास्त ३०० वॅटच्या आसपास उष्णता जाऊ शकते. हवेच्या थेट स्पर्शाने आणि प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, आणखी ऐंशी वॅट. निर्मिती ५३० वॅट आणि निकास ३८० वॅट असला की दीडशे वॅटची तूट राहते, आणि ती दर पंचवीस मिनिटांना शरीराचे तापमान साधारण एक अंशाने चढवते. त्याच खोलीत सेकंदाला अडीच मीटर वेगाने अंगावर येणारा वारा लावला, तर बाष्पीभवनाची मर्यादा ८०० वॅटच्या वर जाते आणि तूट नाहीशी होते. तासाला २५ किलोमीटर वेगाने रस्त्यावरून जाणाऱ्याला सेकंदाला सात मीटरचा वारा आपोआप मिळत असतो. बंद खोलीतले सायकलिंग अवघड वाटण्याचे भौतिकशास्त्र एवढेच आहे. हे आकडे ठोकळ आहेत, शरीराच्या आकारानुसार ते बदलतील. पण हिशेबाची दिशा बदलत नाही.

तापमान चढू लागले की हृदयाला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात : मांड्यांना प्राणवायू पुरवणे आणि उष्णता घेऊन रक्त त्वचेकडे पाठवणे. त्यातच घामामुळे रक्तातला द्रव कमी होतो, हृदयात परत येणारे रक्त घटते आणि दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्तही घटते. ती भरपाई ठोके वाढवून केली जाते. त्यामुळे पॅडलवरचे १५० वॅट तसेच असताना दहाव्या मिनिटाला १३० असलेली हृदयगती चाळिसाव्या मिनिटाला १४५ दिसते. व्यायाम वाढलेला नसतो, फक्त त्याची किंमत वाढलेली असते.

याचा परिणाम किती मोठा असतो, हे गॅलोवे आणि मॉघन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसते. त्यांनी माणसांना वेगवेगळ्या तापमानांत, एकाच तीव्रतेने, थकून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावली. ११ अंशांना ती सरासरी ९३ मिनिटे टिकली, २१ अंशांना ८१ आणि ३१ अंशांना फक्त ५२. त्यानंतर १९९९ साली गोन्झालेझ-अलोन्सो आणि सहकाऱ्यांनी कोपनहेगनमध्ये आणखी नेमका प्रश्न विचारला. त्यांनी सराव असलेल्या सायकलपटूंना आधी कधी थंड, कधी उष्ण पाण्यात बसवून त्यांच्या अंतर्भागाचे तापमान सुमारे ३६, ३७ किंवा ३८ अंशांवर आणले आणि मग ४० अंशांच्या खोलीत सायकल चालवायला लावली. थंड सुरुवात करणारे सुमारे ६३ मिनिटे चालले, नेहमीच्या तापमानापासून सुरू करणारे ४६ आणि तापून सुरू करणारे २८. पण थांबताना सर्वांच्या अंतर्भागाचे तापमान ४० अंशांच्या किंचित वरच होते. जिद्द तीच, पाय तेच, फरक फक्त त्या मर्यादेपर्यंतच्या अंतराचा. आणि त्या मर्यादेच्या बऱ्याच अलीकडे मेंदू श्रम अधिक जाणवून द्यायला लागतो, त्याच श्रमाला ‘आता पुरे’ म्हणू लागतो. ट्रेनरवर ज्याला आपण कंटाळा म्हणतो, त्यात ही सूचना मिसळलेली असते.

इथे एका हट्टी गैरसमजाबद्दल बोलणे भाग आहे. जास्त घाम म्हणजे जास्त चरबी जळणे, या समजुतीने लोक पंखा बंद करतात, प्लास्टिकचे जॅकेट घालतात, पोटाला पट्टा आवळतात, आणि असे पट्टे विकणारे ‘चरबी वितळवण्याचे’ दावे करत राहतात. चरबी घामावाटे जात नाही. तासभर १५० वॅटने सायकल चालवली की साधारण साडेपाचशे ते सहाशे किलोकॅलरी खर्च होतात. ही सगळी ऊर्जा चरबीतूनच आली असे मानले, तरी शरीरातली सत्तर-ऐंशी ग्रॅम चरबी कमी होईल. वजनकाट्यावर दिसलेली एक किलोची घट म्हणजे पाणी असते आणि ते प्यायले की वजन परत येते. उलट तापलेले शरीर कमी वॅट देते, लवकर थांबते, म्हणून एकूण ऊर्जाही कमीच खर्च होते. शिवाय हा प्रकार उष्माघाताला निमंत्रण देणारा आहे.

मग किती वेळ? आरोग्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेली शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाची आहे आणि त्यात एका बैठकीसाठी किमान वेळेची अट नाही. ज्यांना पावसाळ्यानंतर पुन्हा घाट चढायचे आहेत, त्यांच्यासाठी रॉबर्ट हिक्सन यांचा १९८२चा प्रयोग फार मोलाचा आहे. दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस ४० मिनिटे जोरदार सराव केलेल्यांची वेळ त्यांनी पुढचे पंधरा आठवडे २६ किंवा १३ मिनिटांवर आणली. आठवड्यातले दिवस आणि तीव्रता मात्र तीच ठेवली. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत टिकली. दीर्घकाळ टिकून राहण्याचा दम तेरा मिनिटांच्या गटात घटला. पंधरा आठवडे म्हणजे जवळजवळ आपला पावसाळाच. तेव्हा ट्रेनरवर तीन-तीन तास स्वतःला छळण्याची गरज नाही. आठवड्यातले बहुतेक दिवस तीस ते पंचेचाळीस मिनिटे, त्यात काही मिनिटांचे जोरदार टप्पे, आणि जमल्यास एक दिवस सव्वा ते दीड तास, एवढ्यावर सर्वसामान्य सायकलस्वाराचे काम भागते.

मन टिकवण्याबाबत सांगण्यासारखे बरेच आहे. त्यातले एकच निष्कर्षासह सांगतो. सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की नव्वद मिनिटे डोके शिणवणारे काम केल्यावर माणसे सायकलवर ठरावीक तीव्रतेला सुमारे १५ टक्के कमी वेळ टिकतात. हृदय आणि स्नायू यांच्या मोजमापांतून याचा उलगडा होत नव्हता; श्रम मात्र सुरुवातीपासूनच जास्त जाणवत होते. कार्यालयातून शिणून आल्यावर लगेच ट्रेनरवर बसणाऱ्याला सत्र जड वाटणे म्हणूनच स्वाभाविक आहे. त्याने सकाळची वेळ धरावी, किंवा संध्याकाळी सोपे सत्र ठेवावे. झ्विफ्टसारखे पडद्यावरचे ऑनलाइन सायकलिंगचे खेळ, गाणी, सोबत्याबरोबर एकाच वेळी सुरुवात करणे, चाळीस मिनिटांचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडणे, हे सगळे उपयोगी आहे, पण तापलेल्या शरीरावर त्यांचा प्रभाव फार काळ टिकत नाही.

म्हणून आधी पंखा. छताच्या पंख्याचा वारा वाकून बसलेल्या माणसाच्या पाठीवर पडतो आणि छाती व चेहरा कोरडी हवा शोधत राहतात. समोर छातीच्या उंचीवर ठेवलेला उभा पंखा हवा. तो घाम फुटल्यावर लावायचा नसून पहिल्या मिनिटापासून चालू ठेवायचा, कारण सुरुवातीचे तापमान किती महत्त्वाचे असते ते कोपनहेगनच्या प्रयोगाने दाखवलेच आहे. खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर स्वतःच्याच घामाने खोली दमट होत जाते. गार पाणी जवळ असावे. ट्रेनरवर सायकल डोलत नाही, बैठकीच्या हाडांवर सतत एकाच जागी दाब येतो, त्यामुळे दर आठ-दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहून चालवावे. चक्कर आली, अंगावर काटा आला किंवा थंडी वाजल्यासारखे झाले तर तत्काळ थांबावे; हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आपल्या खोलीत आपल्याला किती वेळ योग्य, हे घरच्या घरी मोजता येते. पंखा लावून, स्वतःला सोप्या वाटणाऱ्या एकाच वॅटवर चाळीस मिनिटे चालवावे आणि दहाव्या, पंचविसाव्या व चाळिसाव्या मिनिटाची हृदयगती लिहून ठेवावी. ती जवळपास स्थिर राहिली तर उष्णतेचा हिशेब जुळतो आहे आणि वेळ वाढवायला हरकत नाही. ती सतत चढत गेली तर पंखा जवळ आणावा किंवा दुसरा लावावा, आणि तोवर जिथे चढ सुरू होतो त्याच मिनिटाच्या आसपास सत्र संपवावे.