हापशीचा दांडा आणि रात्रीचे मेसेज

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात विज्ञानाचा कार्यक्रम आटोपल्यावर एक बाई मागे थांबल्या. त्यांच्या बारावीतल्या मुलीला तीन महिन्यांपासून वेगवेगळ्या नंबरांवरून मेसेज येत होते. पोरगी जेवेना, झोपेना. आजीनं ‘बाहेरचं’ म्हणून ताईत बांधला. काकानं विचारलं, “काऊन देल्ला होता नंबर?” आणि फोन कपाटात बंद झाला.

यात बाहेरचं काही नाही. नको असताना कुणी सतत मागे लागणं, फोन-मेसेज करत राहणं, याला पाठलाग म्हणतात. मिशेल पाथे आणि पॉल मलेन या मानसोपचारतज्ज्ञांनी 1997 साली ऑस्ट्रेलियात अशा पाठलागाच्या 100 पीडितांचा अभ्यास मांडला. त्यातल्या बहुतेकांची चिंता वाढलेली होती, झोप बिघडलेली होती. ताईत बांधला की पोरीला आणखी एक गोष्ट कळते : घरच्यांना दोष तिच्यातच दिसतो.

दुसरा गैरसमज असा, की हे दूर शहरातल्या कुण्या हॅकरचं काम. अमेरिकेत 1995-96 मध्ये 8,000 स्त्रिया आणि 8,000 पुरुषांची फोनवरून पाहणी झाली. पाठलाग सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त 23 टक्क्यांचा पाठलाग अनोळखी माणसानं केला होता. ही पाहणी स्मार्टफोनच्या आधीची आहे, पण आपल्याकडे नंबर कुठून फुटतो ते आठवा : रिचार्जचं दुकान, शिकवणीचा ग्रुप, लग्नातली ओळख. ‘तुमचा डीपी कोण बघतं’ ते सांगणारी ॲप घेऊन चोर सापडत नाही, उलट आपलीच माहिती ॲपवाल्यांच्या हाती जाते.

मग उत्तर मिळत नसताना मेसेज पाठवणारा थांबत का नाही? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

गावातल्या दोन हापशी डोळ्यांसमोर आणा. एकीला दरवेळी दुसऱ्या दांड्याला पाणी येतं. ती एक दिवस कोरडी निघाली, तर आपण दहा-पंधरा दांडे मारून घरी जातो. दुसरी उन्हाळ्यातली, कधी दहाव्या दांड्याला पाणी देते, कधी चाळिसाव्या. ती खरोखर आटली तरी माणूस शंभर दांडे मारतो, कारण ‘आता येईल’ हेच ती शिकवत आलेली असते. मानसशास्त्रात याला आंशिक प्रबलन म्हणतात, म्हणजे दरवेळी नाही, कधीमधीच मिळणारं बक्षीस. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये कबुतरांवरचे असे प्रयोग सविस्तर मांडले. किती टोचांनंतर दाणा मिळेल हे ठरलेलं नसेल, म्हणजे प्रबलनाचं गुणोत्तर चल असेल, तर दाणा बंद झाल्यावरही टोचणं फार उशिरा विझतं. शिवाय विझण्याआधी त्याची एक उसळी येते. वर्तन काही काळ वाढतं.

आता मेसेजकडे या. एकोणचाळीस मेसेज सोसून चाळिसाव्याला भावानं फोन करून शिव्या घातल्या. त्यानं काय शिकवलं? चाळीस पाठवले की त्या घरातून कुणीतरी बोलतं. पाठलाग करणाऱ्यांचे पाच प्रकार मलेन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मांडले. त्यातल्या ‘नाकारलेल्या’, म्हणजे नातं तुटल्यावर मागे लागणाऱ्या प्रकाराला शिवीसुद्धा नातं टिकल्याची खूण वाटू शकते. आणि गप्प राहिल्यावर मेसेज वाढले, तर ती उसळीही असू शकते. नेमका तिथंच घरच्यांचा धीर सुटतो.

म्हणून एकदाच, स्पष्ट शब्दांत, लेखी नकार द्यायचा. त्यानंतर एक अक्षर नाही. कायद्यालाही हाच नकार लागतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये, स्त्रीनं स्पष्ट अनिच्छा दाखवूनही वारंवार संपर्क साधणं हा गुन्हा आहे. तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणंही त्यातच येतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास पाच. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आधी काढायचे, ब्लॉक नंतर. जिवाची धमकी असेल किंवा माणूस दारात आला असेल, तर गप्प बसण्याचा हा उपाय लागू नाही, लगेच 112.

त्या बाईंना वेगळीच भीती होती. ठाण्यातले जमादार मुलीच्या काकांच्या ओळखीचे, गोष्ट गावभर होईल. शून्य क्रमांकाची एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येते, असं सांगितल्यावर त्यांनी यवतमाळच्या पहिल्या एसटीची वेळ विचारली.