गाडीची समोरची काच तडकली: इंदूरकरांसाठी विमा क्लेमची माहिती

इंदूरहून सेंधव्यामार्गे धुळे-पुण्याकडे जाताना पुढच्या डंपरखालून गिट्टी उडते आणि काचेला तडा जातो. अशा वेळी आधी पॉलिसी उघडून बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या काचेचे काहीच मिळत नाही. ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे कव्हर हवेच.

कंपनीला कळवण्याआधी काच बदलू नका, ही कळकळीची विनंती. काच बदलली की सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याला, बघायला नुकसानच उरत नाही आणि क्लेम तिथेच अडतो. तड्याचा जवळून एक फोटो आणि एमपी ०९ची नंबरप्लेट दिसेल असा पूर्ण गाडीचा एक फोटो लगेच काढा. मग कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा टोल फ्री नंबरवर कळवून क्लेम नंबर घ्या.

भरलेला क्लेम फॉर्म, पॉलिसी, आरसी, गाडी चालवणाऱ्याचे त्या दिवशी चालू असलेले लायसन्स, गॅरेजचे एस्टिमेट आणि ओळखीचा पुरावा तयार ठेवा. कंपनीशी जोडलेल्या गॅरेजमध्ये काम कॅशलेस होते, म्हणजे कंपनी गॅरेजला थेट पैसे देते. बाहेर काम केल्यास मूळ बिल, पावती आणि कॅन्सल्ड चेकही द्यावा लागतो. कुणी दगड मारून काच फोडली असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवा.

काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, कापत नाहीत, रबर-प्लास्टिकवर मात्र ५० टक्के कापतात. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० आणि त्यापुढच्या कारला २,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात.

आता खरा हिशेब, जो गॅरेजवाला सहसा सांगत नाही. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत, शून्यावर येतो. समजा, ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि तुमचा बोनस ५० टक्के. पुढच्या वर्षी ६,००० रुपयांची सवलत जाईल. बोनस पुन्हा दरवर्षी २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांवर येईपर्यंत, प्रीमियम तोच धरला तर, एकूण १५,००० रुपये जातात. ९,००० रुपयांच्या काचेसाठी असा क्लेम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोनस सुरक्षित ठेवणारे अ‍ॅड-ऑन घेतले असेल तर गोष्ट वेगळी. काही कंपन्या फक्त काचेच्या क्लेमवर बोनस कापत नाहीत, तेही आधी विचारून घ्या. नुसता छोटा टवका असेल तर रेझिन भरूनही काम भागते. समोरची काच दोन थरांची असते, म्हणून ते शक्य होते. बाजूच्या टफन्ड काचेला हा उपाय चालत नाही.

जुन्या काचेबरोबर फास्टॅगही जातो. टोलनाका गाठण्याआधी बँकेकडून नवा मागवा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या भोपाळच्या विमा लोकपालाकडे जाता येते. मध्य प्रदेशच्या तक्रारी तिथेच चालतात. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज पोचवा.