छोल्यांचं पाणी, डार्क चॉकलेट आणि नागपूरचं संत्रं

तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजत ठेवली की पहिल्या उकळीलाच वर पांढुरका फेस दाटतो. आई त्यात तेलाचे दोन थेंब टाकायची आणि फेस बघता बघता खाली बसायचा. डाळ उतू जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. त्या दोन थेंबांमागचं रसायनशास्त्र मला समजलं ते फार उशिरा, भाचीच्या वाढदिवसाला चॉकलेट मूस करायला घेतलं तेव्हा.

भाचीला दूध आणि अंडं, दोन्हीची ॲलर्जी आहे. मूस म्हणजे चमच्याखाली हलकेच दबणारं, हवेनं भरलेलं गोड. ते उभं असतं अंड्याच्या पांढऱ्या बलकावर, नाहीतर घुसळलेल्या क्रीमवर. हे दोन्ही काढलं तर हवा धरून ठेवणार कोण? सगळ्या मुलांसमोर तिच्या एकटीच्या हातात वेगळी वाटी द्यायची, हे मला मुळीच नको होतं. सगळ्यांनी एकच खावं आणि ते सगळ्यांनाच आवडावं, असं काहीतरी हवं होतं. ते मिळालं कुकरमध्ये, छोले शिजवल्यावर उरलेल्या पाण्यात.

या पाण्याला जगभर आता ‘ॲक्वाफाबा’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘ॲक्वा’ म्हणजे पाणी आणि ‘फाबा’ म्हणजे शेंगेतला दाणा. २०१४ मध्ये ज्योएल रोसेल या फ्रेंच गायकाच्या लक्षात आलं की शिजवलेल्या कडधान्यांचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं. पुढच्याच वर्षी गूस व्होल्ट या अमेरिकी सॉफ्टवेअर इंजिनिअरने फक्त हे पाणी आणि साखर घेऊन मरँग (गोड फेस मंद आचेवर वाळवून केलेली कुरकुरीत मिठाई) केलं, आणि नावही त्यानेच दिलं. आपल्याकडे मात्र या पाण्याला केव्हापासून नाव आहे: कट. पुरणाची डाळ उपसली की खाली उरतो तो, ज्याची होळीला आमटी होते. तो कट कुणी घुसळून पाहिला नाही, कारण आमटी त्याहून चविष्ट लागते, आणि ते योग्यच आहे. शिवाय हरभऱ्याच्या डाळीचं साल निघालेलं असतं, दाणा दुभंगलेला असतो, त्यामुळे तिचा कट पिठूळ होतो. मूससाठी सालासकट अख्ख्या काबुली चण्यांचा कट घ्यावा.

या कटाचं वजन शंभर ग्रॅम धरलं तर त्यात घन पदार्थ जेमतेम पाचेक ग्रॅम असतात, बाकी सगळं पाणी. पण त्या पाच ग्रॅममध्ये तीन कामाची माणसं बसलेली आहेत. पहिली म्हणजे प्रथिनं. त्यांच्या लांब साखळीचा काही भाग पाण्याकडे ओढ घेतो, काही भाग पाण्यापासून दूर पळतो. बीटर फिरला की हवेचे बुडबुडे पाण्यात शिरतात आणि प्रथिनं बुडबुड्याच्या कडेला जाऊन पसरतात. पाणी नकोसं वाटणारा भाग हवेकडे, हवासा वाटणारा पाण्याकडे. बुडबुड्याभोवती एक पातळ, लवचीक कातडी तयार होते. दुसरी मंडळी म्हणजे सॅपोनिन्स. रिठा पाण्यात चोळल्यावर जो फेस येतो तो याच कुळातल्या द्रव्यांमुळे. हरभऱ्यात ती रिठ्याच्या मानाने फारच थोडी असतात, पण असतात. तिसरी म्हणजे सालातून आणि दाण्यातून उतरलेली लांब साखळीची पिष्टमय द्रव्यं. ती फेस धरत नाहीत, पाणी दाट करतात. त्यामुळे बुडबुड्यांमधलं पाणी खाली निथळायला वेळ लागतो आणि फेस टिकतो.

म्हणूनच पाण्याचा दाटपणा फार महत्त्वाचा. एक वाटी काबुली चणे रात्रभर भिजवायचे, भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं आणि चणे बुडून बोटभर वर येईल इतक्याच नव्या पाण्यात, मीठ न घालता मऊ शिजवायचे. मग घाई करायची नाही. चणे त्याच पाण्यात गार होऊ द्यायचे आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. सकाळी पळीतून कट ओतून बघा. धार अंड्याच्या पांढऱ्यासारखी, जराशी ओघळत पडली पाहिजे. पाण्यासारखी पडली तर मंद आचेवर थोडा आटवायचा आणि पुन्हा पूर्ण गार करायचा.

अर्धी वाटी कट, म्हणजे साधारण १०० ते १२० मिलिलिटर, त्यात लिंबाच्या रसाचे काही थेंब. आंबटपणामुळे प्रथिनांवरचा विद्युतभार कमी होतो, ती एकमेकांना ढकलायची थांबतात आणि बुडबुड्याभोवती अधिक दाटीने बसतात. इलेक्ट्रिक बीटरने सहा-सात मिनिटं घुसळा, मधेच दोन चमचे पिठीसाखर घाला. आधी साबणाच्या पाण्यासारखे मोठे बुडबुडे, मग दुधाळ फेस, आणि शेवटी पातेलं उपडं केलं तरी न हलणारा शुभ्र ढीग. चण्याचा वास येतो, घाबरू नका. चॉकलेटपुढे तो टिकत नाही.

आता आईचे तेलाचे दोन थेंब. तेलाचा थेंब बुडबुड्याच्या कातडीवर पसरतो, प्रथिनांना बाजूला सारतो आणि कातडी तिथेच फाटते. त्यामुळे पातेल्याला तुपाचा हात लागलेला असेल तर हा फेस चढतच नाही. आणि चॉकलेटमध्ये तर चाळीस टक्क्यांच्या आसपास स्निग्ध पदार्थ! मग चॉकलेट घातल्यावर फेस बसत कसा नाही? खरं सांगायचं तर बसतो, थोडा बसतोच. चॉकलेट गरम असेल तर सगळा बसतो. माझी पहिली खेप अशीच खिरीसारखी पातळ झाली. १०० ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवून हाताला जेमतेम कोमट लागेल इतकं निवू द्यायचं, आधी एक डाव फेस त्यात मिसळून ते सैल करायचं, मग उरलेला फेस उलथन्याने खालून वर घेत हलक्या हाताने कालवायचा. यात शर्यत असते ती फेस फुटण्याची आणि चॉकलेटमधलं कोकोबटर, म्हणजे कोकोच्या बियांतलं स्निग्ध, घट्ट होण्याची.

या पदार्थाची खरी गंमत मला इथे वाटते. अंड्याचा फेस ओव्हनमध्ये टिकतो, कारण उष्णतेने त्यातली प्रथिनं गोठतात. चण्याच्या कटातली प्रथिनं एकदा शिजून गेलेली असतात, ती पुन्हा तशी गोठत नाहीत. म्हणजे केकमध्ये कट अंड्याची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. मूसमध्ये त्याला तसं करावंच लागत नाही. इथे घट्टपणा येतो तो गारव्याने. कोकोबटर सहा वेगवेगळ्या प्रकारे स्फटिकरूप होतं, आणि चांगल्या चॉकलेटमधले स्फटिक ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. फ्रिजमध्ये ते बुडबुड्यांभोवती परांचीच्या बांबूंसारखे उभे राहतात. तोंडात, ३७ अंशांना, परांची कोसळते आणि चव मोकळी होते. कटाने फक्त तीन-चार तास तग धरायचा असतो.

कोकोबटरचा एक सख्खा शेजारी कोकणात आहे, हे इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. कोकमाच्या बियांपासून निघणारं मुठेल, जे आपण भेगाळलेल्या टाचांना लावतो, त्याच्या रेणूची घडण कोकोबटरशी इतकी मिळतीजुळती आहे की युरोपीय संघाने २००० सालच्या नियमांत चॉकलेटमध्ये पाच टक्क्यांपर्यंत चालणारी जी सहा वनस्पतिजन्य स्निग्धं ठरवली, त्यांत कोकमाचं आहे आणि आंब्याच्या कोयीतलंही. मुठेल थोडं जास्त तापमानाला वितळतं, एवढाच फरक.

चॉकलेट वितळवताना वाफेचं पाणी आत पडू देऊ नका. दुसऱ्या खेपेला माझ्या भांड्यात काही थेंब गेले आणि गुळगुळीत चॉकलेटचा क्षणात ओल्या मातीसारखा गोळा झाला. चॉकलेट म्हणजे स्निग्धात तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. चार थेंब पाणी साखरेला चिकट करायला पुरतं, विरघळवायला पुरत नाही. कण एकमेकांना धरून बसतात. यावर उपाय ऐकायला उलटा वाटेल: आणखी पाणी. चमचा-चमचा गरम पाणी घालून ढवळत राहिलं की साखर विरघळते आणि गोळा सुटून चकचकीत होतो. एर्वे तिस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९९५ मध्ये याच तत्त्वावर केवळ चॉकलेट आणि पाणी बर्फावर घुसळून मूस केलं होतं. चवीला ते सुरेख असतं, पण जड. कटाचं मूस हलकं होतं, कारण त्यात हवा जास्त मावते.

फळ म्हणून मी संत्रं घेते. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्यात येतात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे चारेक महिने सोय असते. लहानपणी आपण संत्र्याची साल दुमडून मेणबत्तीवर पिचकारी मारायचो आणि ज्योतीत ठिणग्या उडायच्या. त्या पिचकारीत बहुतांशी लिमोनीन हे सुगंधी तेल असतं. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून साल धुऊन, पुसून, कोरडी करून फक्त नारिंगी भाग किसायचा आणि तो वितळलेल्या चॉकलेटमध्येच घालायचा. पांढरा भाग कडू, तो नको. रस मुळीच घालायचा नाही, मूस पातळ होतं. सोललेल्या फोडी वाटीच्या तळाशी, त्यावर मूस. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीही चालतात, पण कापून वर ठेवायच्या त्या वाढतानाच. आधी ठेवल्या तर साखर त्यांच्यातलं पाणी ओढून घेते आणि वाटीत तळं होतं.

आता ‘पौष्टिक’ या शब्दाचा हिशेब. सत्तर टक्के कोको असलेल्या १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये साखर साधारण ३० ग्रॅम. फेसातली पिठीसाखर धरून ४०. पाच वाट्या केल्या तर वाटीमागे आठ ग्रॅम, आणि फोडींसकट साधारण दीडशे किलोकॅलरी. शंभर ग्रॅम श्रीखंडात साखर सहज चाळीस ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावेत, पाच टक्क्यांच्या आत ठेवले तर उत्तम. दोन हजार किलोकॅलरी खाणाऱ्यासाठी पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. अख्खं फळ त्यात मोजत नाहीत, रस मोजतात. फोडीच घ्यायचं हे दुसरं कारण.

कोकोतल्या फ्लॅव्हनॉल्सबद्दल, म्हणजे हृदयाला चांगली म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य द्रव्यांबद्दल, मात्र जपून बोलावं. अमेरिकेत एकवीस हजारांहून अधिक ज्येष्ठांवर झालेल्या चाचणीत रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्सचा अर्क दिला होता. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत हृदयविकाराच्या एकूण घटना ठामपणे कमी झाल्याचं दिसलं नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. आणि तो अर्क होता, चॉकलेट नव्हे. कोको पावडर वापरणार असाल तर अल्कलीची प्रक्रिया न केलेली घ्या. नैसर्गिक पावडरीत ग्रॅममागे सुमारे ३५ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल्स असतात, जास्त प्रक्रिया केलेल्या काळ्याभोर पावडरीत चारेक उरतात.

ॲलर्जी असलेल्या मुलांच्या घरी हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध असू शकतं. ‘डार्क’ लिहिलेल्या चॉकलेटमध्येही दुधाची भुकटी किंवा बटर ऑइल (म्हणजे दुधाचंच स्निग्ध) निघतं, आणि दुधाच्या चॉकलेटच्याच यंत्रावर ते बनलं असेल तर अंशही येतो. घटकांची यादी आणि खालची बारीक सूचना दर वेळी वाचा, नेहमीचा ब्रँड असला तरी. ‘कंपाउंड’ लिहिलेलं घेऊ नका. त्यात कोकोबटरऐवजी दुसरं वनस्पतिजन्य स्निग्ध असतं आणि ते जिभेवर मेणासारखं रेंगाळतं. आणि हरभऱ्याचीच ॲलर्जी असणारी मुलंही असतात, पाहुण्यांच्या घरी आधी विचारून घ्या.

वाढायच्या दहा मिनिटं आधी वाट्या फ्रिजबाहेर काढा. फार गार जिभेला गोडी कमी लागते, आणि मग आपण पुढच्या वेळी उगाच साखर वाढवतो. उरलेला कट बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवता येतो. चणे बिनमिठाचे आहेत, दुसऱ्या दिवशी उसळीला फोडणी देताना मीठ थोडं जास्त लागेल.